फुटबॉलच्या सरावाला पाठवावे की नाही?

वाचकांचे प्रश्न : बालआरोग्य

२४ जानेवारीपासून, कोरोनामुळे बंद असलेल्या राज्यातील शाळा स्थानिक प्रशासनाच्या निर्णयानुसार पुन्हा उघडू लागल्या आणि त्यापाठोपाठ सोलापुरातील मैदानांवरही मुलांची ये-जा सुरू झाली. फेब्रुवारी २०२२ च्या या अंकासाठी आलेल्या पत्रांत सर्दी-खोकल्याच्या नेहमीच्या प्रश्नांपेक्षा मैदानाविषयीचेच प्रश्न अधिक आहेत. त्यांपैकी तीन पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यातली अडचण एका घरापुरती नाही.

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा असून सातवीत शिकतो. महामारीच्या आधी तो विजापूर रस्त्यावरच्या एका मैदानावर नियमित फुटबॉल खेळायला जात असे. मार्च २०२० पासून ते बंद पडले, मध्ये थोडे दिवस सुरू झाले आणि पुन्हा थांबले. आता सरांचा निरोप आला आहे की सराव सुरू होत आहे. त्याच्या बाबांचे म्हणणे, ‘किती दिवस पोराला घरात कोंडून ठेवायचं, जाऊ दे.’ मला मात्र धीर होत नाही. दुसऱ्या लाटेत माझे सासरे गेले. सासूबाईंचे वय सत्तरीच्या पुढे आहे, त्यांना मधुमेह आहे आणि मुलगा लहानपणापासून आजीजवळच झोपतो. बारा वर्षांच्या मुलांना अजून लस नाही. शाळेत पाठवणे भागच आहे, पण खेळ काही सक्तीचा नाही, असे मला वाटते. त्यावरून घरात रोज वाद होतात आणि मीच अडून बसले आहे असे सगळ्यांचे मत झाले आहे. काय करावे?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ज्या घरातून एक माणूस गेले आहे, त्या घरातल्या आईला भीती वाटली तर तिला अडून बसणे म्हणू नये, हे आधी आपल्या घरच्यांना सांगते. मात्र आपल्या पत्रात दोन वेगळ्या काळज्या एकमेकींत मिसळल्या आहेत. मुलाला काही होईल का, ही एक आणि मुलामुळे आजीला काही होईल का, ही दुसरी. या दोन्हींची उत्तरे सारखी नाहीत, म्हणून त्या सुट्या करून पाहू.

मुलापुरते बोलायचे तर या वयातील बहुसंख्य मुलांना कोरोना झालाच तर तो दोन-चार दिवसांच्या तापावर निभावतो. ‘बहुसंख्य’ म्हणजे ‘सगळी’ नव्हे, हे मी मुद्दाम लिहिते. संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी काही मोजक्या मुलांना पुन्हा जोराचा ताप येतो, डोळे लाल होतात, अंगावर पुरळ उठते, पोट दुखते आणि हृदयासह अनेक अवयवांना सूज येऊ शकते. हा आजार विरळा आहे आणि वेळेवर ओळखला तर त्यावर उपचार आहेत, पण घरात कुणाला कोरोना होऊन गेल्यावर पुढचा दीड महिना मुलाचा ताप ‘हवाबदलाचा’ म्हणून सोडून देऊ नये. या धोक्यासमोर दुसऱ्या पारड्यात काय आहे, ते मी गेले वर्षभर दवाखान्याच्या वजनकाट्यावर पाहते आहे. दोन वर्षांपूर्वी ज्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या अशी मुले आता एक जिना चढून आली की बोलण्याआधी थांबून दम घेतात; रात्री एकपर्यंत मोबाइल, सकाळी उठायला कुरकुर आणि दिवसभर चिडचिड, हे तर आयांनी न विचारताच सांगायचे वर्णन झाले आहे. खेळ सक्तीचा नाही हे खरे, पण बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तो चैनीचाही नाही.

आता मैदान. हा विषाणू मुख्यतः एकमेकांच्या श्वासातून, कोंदट हवेत पसरतो. उघड्या मैदानावर श्वासाबरोबर बाहेर पडलेले वाऱ्यावर विरून जाते. शिवाय फुटबॉल हा अंगाला अंग लागणारा खेळ असला तरी ते लागणे क्षणाचे असते. डेन्मार्कमधील अव्वल साखळीच्या सामन्यांतील खेळाडूंच्या हालचाली मोजून तेथील अभ्यासकांनी दाखवले की एक खेळाडू संपूर्ण सामन्यात दुसऱ्याच्या अगदी निकट असा सरासरी दीड मिनिटाच्या आसपासच असतो. मुले त्याहून जास्त घोळक्याने खेळतात, चेंडू जिकडे तिकडे सगळी, हे मान्य केले तरी वर्गातल्या एका बाकावरच्या पाच तासांशी त्याची तुलना होत नाही. अमेरिकेत २०२० च्या उन्हाळ्यात पुन्हा सराव सुरू केलेल्या युवा फुटबॉल क्लबांची माहिती विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी गोळा केली होती. ९० हजारांहून अधिक खेळाडूंमध्ये २८२ जणांना कोरोना झाल्याची नोंद झाली आणि त्यांपैकी फुटबॉल खेळताना लागण झाली असे केवळ एका खेळाडूबाबत सांगण्यात आले. ही माहिती क्लबांनी स्वतःच दिलेली होती आणि कोणाला कोठून लागण झाली हे शोधणे तेव्हा कुणालाच नीट जमत नव्हते, त्यामुळे तो ‘एक’ आकडा मी जसाच्या तसा घेणार नाही. शिवाय तो विषाणूच्या ओमायक्रॉन या नव्या प्रकाराच्या आधीचा आहे. तरीही दिशा कळते. याच्या उलट चित्र पाहायचे असेल तर त्याच वर्षी जून महिन्यात फ्लोरिडातील टॅम्पा भागात बंदिस्त सभागृहात झालेल्या आइस हॉकीच्या एका सामन्याचे पाहा. त्या एका सामन्यानंतर २२ पैकी १४ खेळाडू आजारी पडले. दोन्ही ठिकाणी मुख्य फरक डोक्यावरच्या छताचा होता.

म्हणून मैदानाची मला फारशी भीती वाटत नाही. मला भीती वाटते ती मैदानाच्या कडेची. सोलापूर काही कोल्हापूर नव्हे. येथे फुटबॉलला स्वतःचे मैदान क्वचितच मिळते, क्रिकेटच्या चार-पाच डावांमधून जी जागा उरेल तिच्यात गोल मांडायचा आणि एकाच झाडाखाली सगळ्यांनी दप्तरे टाकायची. त्या झाडाखाली काय चालते ते बघा. एकाच बाटलीतून आठ जण पाणी पितात. ‘वरून प्या’ असे सांगितलेले असते, पण धापा टाकणारे मूल बाटली तोंडाला लावतेच. गोलरक्षक टीव्हीवर पाहिलेले करतो, म्हणजे हातमोज्यांवर थुंकतो आणि चोळतो. संघ ओळखण्यासाठी घालायची बिनबाह्यांची जॅकेटे आधीच्या तुकडीच्या अंगावरून घामाने ओली अशीच पुढच्या तुकडीच्या अंगावर चढतात. सर सगळ्यांना गोल करून खांद्याला खांदा लावून उभे करतात आणि मधोमध उभे राहून मोठ्याने बोलतात. सराव संपला की वडापावच्या गाडीभोवती घोळका होतो आणि तिथून एका रिक्षात नऊ-दहा मुले, वर दप्तरे, पावसाळ्यात तर पडदेही सोडलेले. तासभर मोकळ्या हवेत खेळलेली मुले ती वीस मिनिटे रिक्षात एकमेकांच्या तोंडावर श्वास सोडत घरी येतात. लागण व्हायची असेल तर ती येथे होईल.

आपल्याच राज्यातले ताजे उदाहरण आहे. गेल्या महिन्यात महिलांची आशियाई चषक फुटबॉल स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात सुरू झाली. खेळाडूंना बाहेरच्या जगापासून वेगळे ठेवले होते, वरचेवर चाचण्या होत होत्या, तरीही भारतीय संघातील इतक्या मुली बाधित निघाल्या की २३ जानेवारीचा चिनी तैपेईविरुद्धचा सामना खेळायला पुरेशा खेळाडू उरल्या नाहीत आणि यजमान संघच स्पर्धेबाहेर गेला. तेव्हा भारताचे प्रशिक्षक थॉमस डेनर्बी यांनी बोट दाखवले ते मैदानाकडे नव्हे, तर हॉटेलातील व्यवस्थेकडे. एवढी काळजी घेऊनही जे होऊ शकते, ते आपल्या मैदानावर होणारच नाही अशी हमी कुणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

आपण एक करावे. मुलाला न सांगता एका संध्याकाळी सरावाची शेवटची पंधरा मिनिटे आणि त्यानंतरची पंधरा मिनिटे स्वतः जाऊन पाहावीत. खेळ कसा चालतो ते पाहू नका, ते सर पाहतील. पाणी कसे पितात, कुठे बसतात, किती मुले एका वेळी मैदानावर आहेत आणि घरी कशी जातात, ते पाहा. नंतर सरांना एकच विचारा, की एखादा मुलगा नाक ओढत आला तर ते काय करतात. ‘किरकोळ सर्दी आहे, घाम आला की जाते’ असे उत्तर आले तर त्या मैदानावर मुलाला तूर्त पाठवू नका. सर कितीही चांगले खेळाडू असोत. ‘त्याच पावली घरी पाठवतो आणि घरच्यांना फोन करतो’ असे उत्तर आले तर पुढचे बोलता येईल. सॅनिटायझरची बाटली आणि ताप मोजायची बंदूक पाहून मात्र भुलू नये. लक्षणे दिसण्याच्या आधीही मूल संसर्ग पसरवू शकते, त्यामुळे कपाळाला लावलेल्या बंदुकीने फार थोडे कळते.

राहिल्या सासूबाई. खरा प्रश्न त्यांचाच आहे आणि त्याचे उत्तर मैदानावर नाही, घरात आहे. साठ वर्षांवरील आणि मधुमेहासारखा आजार असलेल्यांना १० जानेवारी २०२२ पासून दक्षता मात्रा, म्हणजे लशीचा तिसरा डोस, मिळू लागली आहे. दुसरी मात्रा घेऊन ३९ आठवडे, म्हणजे नऊ महिने झालेले असावे लागतात. त्यांच्या प्रमाणपत्रावरची दुसऱ्या मात्रेची तारीख आज काढून पाहा. ती गेल्या एप्रिलमधली असेल तर त्यांची पाळी आलेलीच आहे. जवळच्या लसीकरण केंद्रावर त्यांना घेऊन जाणे हे फुटबॉलवरच्या दहा वादांपेक्षा उपयोगाचे आहे. साखर किती दिवसांत तपासलेली नाही तेही त्याच फेरीत पाहून घ्यावे, कारण मधुमेह आटोक्यात असलेल्या आणि नसलेल्या रुग्णांत या आजाराने काय फरक पडतो, ते आपण सगळ्यांनी दुसऱ्या लाटेत पाहिले आहे. मुलाचे अंथरूण मात्र काही आठवडे आजीपासून वेगळे करावे. रात्रीचे आठ तास बंद खोलीत एका पांघरुणात, हा दोघांच्या दिवसातला सर्वांत जवळचा आणि सर्वांत लांब सहवास आहे. दोन खोल्यांच्या घरात हे अवघड असते, हे मला ठाऊक आहे; वेगळी खोली नसली तर वेगळी गादी, मध्ये जेवढे जमेल तेवढे अंतर आणि उघडी खिडकी, एवढे तरी होते. आजी-नातवाला ते आवडणार नाही. त्याची भरपाई संध्याकाळी अंगणात किंवा गच्चीत दोघांना एकत्र बसवून करता येईल.

आपण लिहिता की शाळा टाळता येत नाही आणि खेळ टाळता येतो. व्यवहार म्हणून ते बरोबर आहे, पण धोका मोजायचा तर बंद वर्गात पन्नास-साठ मुलांत बसणारे मूल जेवढा धोका घरी आणते, त्यात उघड्यावरच्या तासभर खेळाने पडणारी भर थोडी आहे. शाळा आणि खासगी शिकवणी चालू ठेवून फक्त मैदान बंद केले तर आजीचे संरक्षण होते असे समाधान मिळते, संरक्षण फारसे होत नाही. बंदच करायचे तर छोट्या खोलीत तीस मुले बसवणारी शिकवणी आधी बंद करावी. हे वाक्य मुलाच्या हाती लागणार नाही याची काळजी घ्यावी.

माझे मत विचारता तर पाठवावे, पण उद्यापासून नव्हे. सासूबाईंची मात्रा झाल्यावर साधारण दोन आठवडे जाऊ द्यावेत. तोपर्यंत बाबांनी त्याला सकाळी चेंडू घेऊन बाहेर काढावे. दोन वर्षे बसलेल्या पायांना तेवढी तयारी लागणारच आहे. त्यानंतर सराव सुरू करताना स्वतःच्या दोन बाटल्या, स्वतःचा टॉवेल, मैदानावर पोहोचेपर्यंत आणि खेळ संपल्यावर मास्क, वडापाव घरी आणून. रिक्षा नको. ‘जाऊ दे’ असे म्हणणाऱ्याने दुचाकीवरून न्यायला-आणायलाही जावे, ही माझी अट समजावी. घरी आल्यावर हातपाय-तोंड धुणे पुरे. जर्सी वेगळी भिजवून उकळत्या पाण्यात धुण्याचा खटाटोप करू नये. कपड्यांवरून लागण होण्याची शक्यता अगदी कमी आहे आणि चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या आपल्या गावात ते पाणी अन्य कामांना लागते.

आणि थांबायचे केव्हा, ते आताच, वाद नसताना ठरवावे. घरात कुणाला ताप किंवा घसादुखी असेल, तुकडीतले एखादे मूल बाधित निघाले असेल, शहरात रुग्ण पुन्हा वाढू लागले असतील किंवा सासूबाईंना दुसरे काही दुखणे आले असेल, तर सराव बंद आणि त्यावर चर्चा नाही. हे मुलाला समोर बसवून सांगावे. बारा वर्षांच्या मुलाला हे कळते. त्याला एक आश्वासनही द्यावे, की घसा दुखतो असे त्याने आपणहून सांगितले तर त्याला रागावणार नाही आणि त्याची संघातली जागा जाऊ नये म्हणून सरांशी आपण बोलाल. सामना बुडेल या भीतीने खोकला लपवणारे मूल हा सर्वांत मोठा धोका आहे आणि तो मुलांमध्ये आपणच, मोठी माणसे, तयार करतो.

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, नववीत शिकते आणि शाळेच्या संघातून फुटबॉल खेळते. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिला कोरोना झाला. दोन दिवस ताप आणि अंगदुखी होती, नंतर बरी झाली. तिची लस तेव्हा राहून गेली. आता महिनाअखेरीस निवड चाचणी आहे आणि सर लगेच सरावाला बोलावत आहेत. व्हॉट्सअॅपवर मात्र डेन्मार्कचा एक खेळाडू मैदानात कोसळल्याची चित्रफीत फिरते आहे. कोणी म्हणते कोरोनामुळे हृदय कमजोर झाले, कोणी म्हणते लसीमुळे. तिची आई घाबरली आहे. तिला खेळू द्यावे का? आणि लस आता द्यावी का?
– एक वडील, अशोक चौक

उत्तर : चित्रफितीचे आधी संपवू. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये फिनलंडविरुद्ध खेळताना कोसळलेला तो खेळाडू म्हणजे ख्रिस्तियन एरिक्सन. त्याचे हृदय बंद पडले होते, मैदानावरच ते पुन्हा सुरू करण्यात आले आणि तो वाचला. त्याला कोरोना झालेला नव्हता आणि त्याने लसही घेतलेली नव्हती, असे त्याच्या तेव्हाच्या क्लबच्या संचालकांनी लगेचच जाहीर केले होते. म्हणजे ती चित्रफीत दोन्ही बाजूंच्या कामाची नाही.

तरीही तिच्या आईच्या भीतीत तथ्याचा एक कण आहे. कोरोनानंतर काही थोड्या जणांच्या हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि अशा वेळी जोराचा व्यायाम केला तर ठोक्यांची लय बिघडू शकते. मुलांमध्ये हे विरळ आहे. कोणत्या मुलांना अधिक तपासावे याबाबत बालरोगतज्ज्ञांमध्ये साधारण एकमत असे आहे की चार दिवस किंवा अधिक ताप होता, आठवडाभर अंग मोडून पडले होते किंवा रुग्णालयात ठेवावे लागले, अशा मुलांची खेळण्यापूर्वी प्रत्यक्ष तपासणी करून हृदयाचा आलेख (ईसीजी) काढावा. आणि पहिल्या उत्तरात सांगितलेली अनेक अवयवांची सूज ज्यांना आली, त्यांनी तीन ते सहा महिने स्पर्धात्मक खेळ खेळू नये आणि नंतरही हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच परतावे. आपल्या मुलीचा ताप दोन दिवसांचा होता. बाधित ठरल्यापासून किमान सात दिवस आणि त्यात सलग तीन दिवस ताप नसणे, हा गृहविलगीकरणाचा जानेवारी २०२२ मधील नियमही तिने केव्हाच ओलांडला आहे. तिला पुन्हा चाचणी करून ‘निगेटिव्ह’ कागद आणायला कुणी सांगत असेल तर त्याची गरज नाही. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना मात्र एकदा दाखवावे. छातीला स्टेथोस्कोप लावायला पाच मिनिटे लागतात.

सरांचे ‘लगेच’ मात्र मान्य करू नये. पहिले दोन दिवस पंधरा मिनिटांपर्यंत चालणे आणि हलके धावणे, तिसऱ्या दिवशी अर्धा तास चेंडूसह सोप्या हालचाली, चौथ्या दिवशी पाऊण तास, पाचव्या-सहाव्या दिवशी नेहमीचा तासाभराचा सराव आणि हे सगळे निर्वेध पार पडले तर सातव्या दिवसापासून सामना, असा क्रम अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सुचवला आहे आणि तो आपल्याकडेही चालतो. मी तर म्हणेन, प्रत्येक पायरीला एक दिवस जास्त द्यावा, कारण आपली मुले आजारपणाच्या आधीही दोन वर्षे बसूनच होती. यात केव्हाही छातीत दुखले, धडधड जाणवली, चक्कर आली किंवा मैत्रिणींच्या मानाने तिला फारच दम लागला, तर तेथेच थांबून तपासणी करावी. आपण लिहिलेल्या तारखा धरल्या तर महिनाअखेरीच्या चाचणीपर्यंत एवढा वेळ हातात आहे. तो नसता तर चाचणी सोडा असेच मी लिहिले असते.

प्रत्यक्षात मला तिच्या हृदयापेक्षा तिच्या घोट्यांची आणि मांड्यांमागच्या स्नायूंची काळजी जास्त वाटते. मोठ्या खंडानंतर परतलेल्या मुलांत दुखापती वाढतात आणि निवड चाचणीच्या ईर्ष्येने तर हमखास. शिवाय फेब्रुवारी संपता संपता सोलापूरचे ऊन काय होते ते आपल्याला सांगायला नको. चाचणी दुपारी ठेवली असेल तर चार पालकांनी मिळून ती सकाळी किंवा पाचनंतर घ्यायला लावावी. दोन वर्षे उन्हात न गेलेल्या मुलांना उष्णतेचा त्रास होणे, हा धोका कोरोनाइतका चर्चेत नसला तरी आपल्या गावात तो घरचाच आहे.

लसीविषयी. १५ ते १८ वयोगटासाठी ३ जानेवारी २०२२ पासून कोव्हॅक्सिन दिली जात आहे, दोन मात्रांमध्ये २८ दिवसांचे अंतर ठेवून. ज्यांना कोरोना होऊन गेला त्यांनी बरे झाल्यापासून तीन महिन्यांनी लस घ्यावी, असे केंद्र सरकारने गेल्या महिन्यात कळवले आहे. म्हणजे आपल्या मुलीची पाळी साधारण एप्रिलच्या उत्तरार्धात येईल. हृदयाच्या सुजेची जी नोंद परदेशांत झाली, ती प्रामुख्याने एमआरएनए प्रकारच्या (फायझर, मॉडर्नासारख्या) लशींनंतर आणि तीही तरुण मुलग्यांत. कोव्हॅक्सिन निष्क्रिय केलेल्या विषाणूपासून तयार केलेली, वेगळ्या प्रकारची लस आहे. लस घेतलेल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सरावाला सुट्टी द्यावी, एवढे पुरे.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलाला फुटबॉलच्या वर्गात घालायचे आहे. प्रवेशाच्या अर्जासोबत हमीपत्र दिले आहे, की मुलाला कोरोना झाल्यास वर्गाचे चालक जबाबदार राहणार नाहीत. खेळताना पूर्ण वेळ मास्क सक्तीचा आहे असेही त्यात आहे. सही करावी का?
– एक पालक, होटगी रस्ता

उत्तर : मास्कची सक्ती चुकीची आहे. जोराने धावणाऱ्या मुलाने मास्क लावू नये असे जागतिक आरोग्य संघटनेचेही सांगणे आहे. घामाने भिजलेला मास्क नाकाला चिकटतो, श्वास नीट घेता येत नाही आणि मूल तो दर दोन मिनिटांनी हाताने खाली ओढते, त्यामुळे उपयोगही उरत नाही. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२२ मधील सूचनांप्रमाणे सहा ते अकरा वर्षांच्या मुलांनी मास्क नीट वापरता येत असेल तर मोठ्यांच्या देखरेखीखाली वापरावा, एवढेच अपेक्षित आहे. तो जाताना-येताना आणि आपली पाळी येईपर्यंत थांबलेले असताना लावावा. मैदानाच्या कडेला घोळक्याने उभे राहून मुलांना ओरडून सूचना देणाऱ्या पालकांना मात्र तो सक्तीचा करायला माझी हरकत नाही.

हमीपत्राचे कायदेशीर वजन किती, हे आपण एखाद्या वकिलांना विचारावे. डॉक्टर म्हणून मला त्यात एवढेच दिसते की चालकांनी स्वतःचा विचार केला आहे, मुलांचा अजून केलेला नाही. केवळ या कागदावरून प्रवेश नाकारू नये. सध्या बहुतेक ठिकाणी तो मागतात. पण सही करण्याआधी त्याच कागदावर चालकांकडून दोन ओळी लिहून घ्याव्यात. तुकडीत कोणी बाधित आढळल्यास बाकीच्या पालकांना त्याच दिवशी, त्या मुलाचे नाव न सांगता, कळवले जाईल. आणि आजारपणामुळे बुडालेल्या दिवसांची फी परत मिळेल किंवा ते दिवस पुढे धरले जातील. दुसरी ओळ क्षुल्लक वाटेल, पण तिचा संबंध आरोग्याशीच आहे. महिन्याची फी आगाऊ भरलेली असते, म्हणून थोडा ताप असलेले मूलही ‘पैसे वाया नकोत’ म्हणून मैदानावर पाठवले जाते. चालक या दोन ओळी लिहायला तयार झाले तर सही करून मुलाला पाठवावे. तयार झाले नाहीत, तर आपल्या भागात दुसरा वर्ग आहे का ते पाहावे. नऊ वर्षांच्या मुलाला चार मित्र आणि एक चेंडू मिळाला, तर वर्ग नसला तरी त्याचे यंदा काही बिघडत नाही.